उजव्या बाजूनं गाडी

माझं माहेर साताऱ्याकडचं, कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकवणारं. घरातले निम्मे पुरुष पलटणीत. लग्न होऊन मी तासगावजवळच्या मळ्यात आले, तेव्हा थोरले दीरही पलटणीतलेच निघाले, याचं माझ्या वडिलांना फार समाधान वाटलं. "शिस्तीचं घर हाय," असं त्यांनी आईला सांगितलं. शिस्त होती, ते काही खोटं नव्हतं.

थोरल्या दिरांना सगळे आबा म्हणायचे. सैन्यात त्यांनी आधी गाड्या चालवल्या, मग नव्या पोरांना चालवायला शिकवल्या. पेन्शनीत निघाल्यावर पुण्याच्या लिलावातून एक जुनी अमेरिकन जीप घेऊनच ते घरी आले. तिचं स्टिअरिंग डाव्या हाताला होतं. एकदा सैन्याबरोबर ते इजिप्तकडच्या वाळवंटात जाऊन आले होते आणि तिथं रस्त्याच्या उजव्या बाजूनं त्यांनी ट्रक हाकला होता. ही गोष्ट ऐकली नाही असा माणूस आमच्या गावात सापडला नसता.

माझे यजमान त्यांचे धाकटे भाऊ. सासरे लवकर गेले, तेव्हा आबांनी शाळा सोडली, पलटणीत भरती झाले आणि ह्यांना सांगलीला ठेवून इंजिनिअरिंग शिकवलं. ते उपकार आमच्या घरी रोज ताटात वाढले जायचे. भाजीत मीठ जास्त पडलं तरी आबा म्हणायचे, "आमी तिकडं वाळू खाल्लीया, तवा ह्यो सायेब झालाय. मिठाचं काय घिऊन बसलाय?" हे मान खाली घालून जेवायचे.

हे सांगलीजवळच्या एका कारखान्यात होते. बंद पडलेलं कुठलंही इंजिन कान लावून ऐकायचे आणि दुरुस्त करायचे. गाडी चालवायची म्हटली की मात्र त्यांच्या अंगाला घाम फुटायचा. समोरून एस.टी. आली की हात गार पडतात, असं त्यांनीच मला सांगितलं होतं.

दुष्काळाचं वर्ष होतं. एके दिवशी ह्यांच्या साहेबांनी ह्यांना बोलावून विचारलं, की थंडीत चार महिने जर्मनीला जाल का, नवी यंत्रं शिकायला? तिथला कारखाना गावाबाहेर आहे, बसची सोय नाही. ते लोक गाडी देतील, पण ड्रायव्हर देणार नाहीत. गाडी येते ना? हे "येते" म्हणाले. तोवरचा त्यांचा मला ठाऊक असलेला तेवढा एकच खोटा शब्द.

घरी जेवताना त्यांनी हे सगळं सांगितलं. आबांचा घास हातातच राहिला.

"कुणाला इचारून व्हय म्हनलास?"

"आबा, संधी पुन्हा यायची नाही."

"संधी मरू दे. तिकडं गाड्या उजव्या अंगानं पळत्यात. तू हितं डाव्या अंगाला बैलगाडी दिसली तर चड्डी वली करतुयास. परक्या मुलखात कुनाला चिरडलास, तर घराण्याचं नाव कुठं जाईल?" मग पाण्याचा घोट घेऊन म्हणाले, "तू तिकडं गाडी चालवायची का न्हाई, ते मी ठरवनार. ऐतवारी जीप काढू."

तासगावच्या बाजूला ट्रॅक्टर, एस.टी., बेदाण्याच्या व्यापाऱ्यांच्या गाड्या. उजव्या बाजूनं शिकायचं तर रिकामा रस्ता हवा. म्हणून आबांनी जतची बाजू निवडली. तिकडं त्या वर्षी रस्त्यावर दिसायची ती पाण्यासाठी निघालेली माणसं आणि हाडं वर आलेली मेंढरं, बाकी काही नाही.

पहिल्या रविवारी पहाटे जीपजवळ उभं राहून आबांनी ह्यांना सांगितलं, "गाडीत मी आबा न्हाई. उस्ताद म्हनायचं." त्यांच्या हातात लिंबाची हिरवी छडी होती. मग माझ्याकडं न बघता ते ह्यांनाच म्हणाले, "हिला मागं बसीव. आन् एक घागर भरून हिच्या मांडीवर दे." आबा माझ्याशी सरळ कधी बोलत नसत. धाकट्या भावजयीशी बोलायची रीत नव्हती, आणि ती रीत त्यांना सोयीची होती.

"घागर कशाला?" ह्यांनी विचारलं.

"पानी सांडलं की समजायचं, तिकडच्या रस्त्यावर एक मानूस मेलं."

मी तोंडापर्यंत भरलेली पितळेची घागर दोन्ही हातांनी धरून मागच्या पत्र्यावर बसले. जीप निघाली तशी पहिल्याच धक्क्याला माझं पातळ भिजलं. "एक मेलं," आबा म्हणाले, आणि छडी ह्यांच्या बोटांवर बसली. पुढच्या वळणाला दुसरं मेलं. क्लच चुकला की छडी, ब्रेक उशिरा लागला की छडी. गाडी उजवीकडून जरा मध्ये सरकली की छडी आणि वर आईवरून शिवी. ती आई दोघांची एकच होती, आणि ती घरी दारात बसून आमची वाट बघत होती.

रस्त्याकडेला घागरी, डबे, कळशा घेऊन बायका टँकरची वाट बघत बसलेल्या असायच्या. माझ्या मांडीवरून पाणी उडून रस्त्यावर पडताना त्या बघायच्या. एकदा एक म्हातारी उठून कानडीत काहीतरी ओरडली. मला त्यातला 'नीरू', म्हणजे पाणी, एवढाच शब्द कळला. मी आबांना नाही, पण ह्यांना म्हटलं, "मला घागर नको. मी उतरते." ह्यांनी आरशात माझ्याकडं बघितलं. उत्तर आबांनी दिलं, तेही ह्यांनाच. "बायकूचं ऐकायचं असंल तर चूल फुकायला बस. जर्मनी कशाला पायजे?"

असे काही रविवार गेले. ह्यांची बोटं सुजून यायची. जाऊबाई त्यांना हळद लावायला द्यायच्या, पण आबा आले की वाटी पदराखाली घ्यायच्या.

मग तो रविवार आला. जतच्या अलीकडं रस्त्याचं दुष्काळी काम निघालं होतं. बायका-पुरुष ओळीनं बसून खडी फोडत होते. रस्त्याच्या उजव्या कडेला एका बाभळीखाली पत्र्याचं मोठं पिंप ठेवलेलं होतं. टँकर नुकताच येऊन ते भरून गेला होता. समोरून कडब्याची बैलगाडी आली. ती तिच्या बाजूनं येत होती, म्हणजे नेमकी आमच्या समोर.

हे म्हणाले, "आबा, डावीकडं घेतो."

"उस्ताद म्हन. आन् उजवी सोडायची न्हाई!"

"बैल बुजतील आबा."

छडी ह्यांच्या बोटांवर इतक्या जोरात बसली, की मला मागं आवाज ऐकू आला. ह्यांचे हात आणखी उजवीकडं वळले. जीप रस्ता सोडून खाली उतरली, आणि माणसं ओरडत बाजूला पळाली. पिंपाला धडक बसली. ते आडवं झालं आणि सगळं पाणी उतारावरून धुळीत गेलं.

कुणाला लागलं नव्हतं. पण क्षणभर असा काही सन्नाटा पसरला, की कुणी मेलं असतं तर आवाज तरी झाला असता. मग बायका धावल्या. ओंजळीनं चिखल गोळा करायला लागल्या. एकीनं पदर ओल्या मातीवर दाबला आणि लेकराच्या तोंडात पिळला. लेकरू थुंकलं, तसं तिनं त्याच्या पाठीत धपाटा घातला.

माणसांनी जीपला वेढा दिला. त्यांचा मुकादम पुढं आला, पटका बांधलेला, वाळलेला धनगर. "कोन चालवीत हुतं?"

आबा खाली उतरले, सदरा झटकला आणि छडीनं ह्यांच्याकडं दाखवलं. "ह्यो. मी नुसता बसलो हुतो."

हे स्टिअरिंगवरून उठून खाली आले. आबा त्यांच्या जागी चढून बसले आणि मला म्हणायचं ते ह्यांना म्हणाले, "हिला उतरीव."

"आबा?"

"तिकडं चुकलास तर मी येनार हाय व्हय सोडवायला? तुझं तू निस्तर. मी फाट्यावर चा पितो." त्यांनी जीप मागं घेतली, सफाईनं वळवली आणि निघून गेले. आम्ही दोघं त्या माणसांत उभे राहिलो. माझ्या हातात अर्धी घागर होती.

हे हात जोडून म्हणाले, "मी पाणी आणून देतो. पिंपभर आणतो."

"अशे लय गेलं पानी आनायला," मुकादम म्हणाला. "आता टँकर उद्या. तवर आमी काय माती चाटायची? जा. आन. बाई हितं ऱ्हाऊ दे."

हे माझ्याकडं बघत राहिले. मीच म्हटलं, "जावा." मी दुसरं काय म्हणणार होते? हे उन्हात फाट्याकडं चालत निघाले, आणि दिसेनासे होईपर्यंत मी बघत होते.

माझ्या हातातली घागर एका बाईनं काढून घेतली. तिनं तांब्यानं पाणी वाटलं, आधी पोरांना, मग म्हाताऱ्यांना, मग एकेका घोटानं बाकीच्यांना. तांब्या माझ्यासमोरून दोनदा गेला. माझ्याच वयाच्या एका पोरीनं तो माझ्या तोंडापुढं धरला. मी हात पुढं केला, तसा तिनं हसून तो स्वतःच्या तोंडाला लावला. बाकीच्या बायका हसल्या. मग तिनं हातोडा माझ्या पायाशी टाकला. "बस. फोड. फुकाट सावलीला बसायला तू काय कलेक्टरीन हाईस?"

मी खडी फोडली. आमच्याकडं पाटाला पाणी वाहतं आणि बांध फुटला तर पुरुष शिव्या देत तो बुजवतात, एवढंच मला पाण्याचं माहीत होतं. दुपारपर्यंत हाताला फोड आले, बांगड्या फुटल्या. जीभ टाळूला चिकटली. कुणी मारलं नाही, कुणी अंगाला हात लावला नाही. नुसतं कुणी माझ्याकडं बघितलं नाही. कानडीत बोलून त्या आपसात हसायच्या तेव्हा वाटायचं, हे येणारच नाहीत, असं त्यांना ठाऊक आहे.

हे आले ते ऊन कलल्यावर. जीप स्वतः चालवत आले, रस्त्याच्या डाव्या बाजूनं, हळू. मागं पाण्याची दोन पिंपं दोरीनं बांधलेली. शेजारी आबा हाताची घडी घालून बसलेले. नंतर कळलं, की हे फाट्यावर पोचले तेव्हा आबा भजी खात होते. "जीप घे," म्हणाले, "पन मी हात लावायचो न्हाई, आन् पानी कुनाकडं मागायचं तेबी सांगायचो न्हाई." ह्यांनी तिथून मागं, तासगावच्या बाजूला जाऊन ओळखीपाळखी नसलेल्या मळेवाल्यांच्या पाया पडून पाणी मिळवलं. पिंपं चढवताना आबा सावलीला बसून होते.

पाणी उतरवलं. कुणी आभार मानले नाहीत, आणि का मानावेत? मुकादम म्हणाला, "जावा आता." त्या पोरीनं माझ्या हातातला हातोडा ओढून घेतला.

परतीच्या वाटेवर आबा खुशीत होते. "बघ की रं. बायकू गहान पडली की मानूस एका दिसात शिकतंय. फौजेत आमाला असंच शिकिवलं." आणि थोड्या वेळानं, "आता चालव तिकडं. आपली परवानगी हाय."

माझ्या तोंडात बोलण्याइतका ओलावाच नव्हता.

हे जर्मनीला गेले. तिकडून पत्रं यायची, बर्फाची, बटाट्याची, यंत्रांची. आबा मला नाही, जाऊबाईंना विचारायचे, "गाडीचं काय लिवलंय?" गाडीचं काहीच लिहिलेलं नसायचं. पण आबांनी एस.टी. स्टँडवरच्या हॉटेलात सांगायला सुरुवात केली होती. "आमचा धाकला तिकडं रोज उजव्या अंगानं गाडी पळवतुय. कुनाच्या हाताखाली शिकलाय?" मग लोक म्हणायचे, "तुमच्या!" आणि आबा सगळ्यांचा चहा सांगायचे. परदेशातली ती गाडी आमच्या गावात इतकी धावली, की पोरं खेळताना उजव्या बाजूनं चाकं पळवायला लागली.

हे परत आले त्या दिवशी अंगण भरलं होतं. भाऊबंद, शेजारी, दोन बेदाण्याचे व्यापारी, सगळे. आबांनी नवा पटका बांधला होता. ह्यांना मधल्या खुर्चीवर बसवलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "सांग गड्या. गाडी कशी चालली?"

ह्यांनी चहाची कपबशी खाली ठेवली. "गाडी? न्हाई आबा. हात लावला न्हाई."

"म्हंजी?"

"धीर झाला न्हाई. सायकल घेतली होती. बर्फ असलं की चालत जायचो."

कुणीतरी आधी दबून हसलं, मग एक व्यापारी मोठ्यानं म्हणाला, "आबा, उस्तादानं शेवटी सायकलच शिकिवली म्हना की!" आणि अंगण हसलं. आबा हसले नाहीत. पटक्याचा शेमला सारखा करत बसून राहिले. संध्याकाळी चहा गार आहे म्हणून त्यांनी जाऊबाईंच्या अंगावर कप फेकला. त्या महिन्यात गावात त्यांचं नाव 'सायकलउस्ताद' पडलं. पोरं जीपमागं धावत घंटीचा आवाज काढायची, ट्रिंग ट्रिंग. आबांनी हॉटेलात जाणं सोडलं.

थोड्या दिवसांनी आम्ही माझ्या माहेरी निघालो, सांगलीहून साताऱ्याच्या एस.टी.नं. कराडच्या पुढं खिडकीबाहेर बघत हे एकदम म्हणाले, "मी रोज चालवत होतो."

"काय?"

"गाडी. पहिले काही दिवस चावी टेबलावर नुसती पडून होती. मी तिच्याकडं बघायचो आणि चालत जायचो. चालवावी का न्हाई, ठरतच नव्हतं. चूक झाली तर तिथं कुणाला ठेवून घेतील, असलं काहीतरी डोक्यात यायचं. मग एका रविवारी जाऊन गाडीत बसलो. चावी फिरवली आणि बोटं आपोआप आखडली. छडी बसायची म्हणून. बसली न्हाई. शेजारची सीट रिकामी होती." ते हसले. ह्यांना इतकं मोकळं हसताना मी पहिल्यांदा बघितलं. "पार शेजारच्या शहरापर्यंत गेलो. मग रोजच. तिथला फोरमन म्हणायचा, तुझ्यासारखा सांभाळून चालवणारा माणूस बघितला न्हाई."

"मग आबांना का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर ती गाडी त्यांनी चालवली असती," हे म्हणाले. "माझी ऱ्हायली नसती."

मला वाटलं होतं, कधीतरी राग निवळेल आणि हे सांगून टाकतील. काही वर्षं गेली. आबांच्या पोटात दुखायला लागलं, अन्न उतरेना. मिरजेच्या दवाखान्यात ठेवलं. पलटणीतलं ते शरीर कॉटवर चादरीच्या घडीएवढं झालं. एका दुपारी खोलीत आम्ही तिघंच होतो, जाऊबाई उघड्या दाराबाहेर बाकावर टेकल्या होत्या. आबांनी ह्यांचा हात धरला, ती बोटं चाचपली आणि म्हणाले, "खरं सांग रं. माझी शप्पत हाय. तिकडं चालवली हुतीस न्हवं?"

आवाजात उस्ताद नव्हता. म्हातारा माणूस काही मागत होता. ह्यांनी आबांची उशी नीट केली.

"न्हाई आबा. भ्या वाटलं."

आबांनी हात सोडला आणि भिंतीकडं तोंड केलं. मी बोलले असते तर बोलता आलं असतं. माझ्या डोळ्यांसमोर ती घागर घेऊन बसलेली मी आले, आणि मी पाण्याचं भांडं विसळायला बाहेर गेले.

आबा गेले तेव्हा त्यांना घरी न्यायला गाडी लवकर मिळेना. ह्यांनी मळ्यातून तीच जीप आणली. मागच्या पत्र्यावर सतरंजी टाकून आबांना ठेवलं. जाऊबाई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या, मी पायांशी. ह्यांनी जीप मिरजेच्या गर्दीतून, टांगे आणि एस.टी. चुकवत इतकी हलकी बाहेर काढली, की आबांची मान एकदाही हलली नाही. जाऊबाई ह्यांच्या हातांकडं बघत होत्या. सांगली मागं पडल्यावर त्यांनी विचारलं, "भाऊजी, असा हात एका दुष्काळात बसत न्हाई. तिकडं चालवली हुती तुमी."

हे म्हणाले, "चालवली वैनी. रोज."

"मग ह्यांनी परवा शप्पत घातली तवा?"

ह्यांनी गिअर बदलला. जाऊबाईंनी हळूच पदर ओढला आणि आबांचे दोन्ही कान झाकून घेतले. मळा येईपर्यंत त्यांनी तो हात तिथून काढला नाही.

पुढं एकाच घरात आम्ही राहिलो. जाऊबाई माझ्याशी बोलायच्या, माझी पोरं त्यांनी सांभाळली. ह्यांच्याशी त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत. हे जेवायला बसले, की त्या ताट वाढून मागच्या दारी निघून जायच्या.